वैराग्य ऑप्शनला

मराठी भाषेत 'ध्यान' या शब्दाचे जेवढे हाल झाले आहेत तेवढे दुसऱ्या कुठल्याही संस्कृत शब्दाचे झाले नसतील. पतंजलीनं योगाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. त्यांत ध्यान सातव्या पायरीवर. त्याच्यावर फक्त समाधी, म्हणजे जवळजवळ गच्चीच! आणि आपण काय केलं? लग्नात नवरदेव जरा बावळट दिसला की मागच्या सतरंजीवरून बायका कुजबुजतात, "काय ध्यान आहे गं!" ऋषिमुनींनी जन्मभर डोळे मिटून जे मिळवलं, त्याला आपण मुंडावळ्या बांधून पाटावर बसवलं. आमची आई तर दोन्ही अर्थ एकाच दमात वापरायची. "ध्यान देऊन वाच रे, ध्याना!" असं तिनं चुलीपुढून ओरडून सांगितलं की कुठलं ध्यान द्यायचं आणि कुठलं ध्यान आपण आहोत, हे मला व्याकरण न शिकता कळायचं.

शाळेत आम्हांला ध्यानाचा तास नव्हता. त्याऐवजी 'हाताची घडी, तोंडावर बोट' होतं. घडी घातलेल्या हातांतलं बोट तोंडापर्यंत न्यायचं कसं, याचा खुलासा एकाही मास्तरांनी कधी केला नाही. पण वर्ग चिडीचूप व्हायचा हे खरं. साठ पोरं गप्प. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, काय ही एकाग्रता! प्रत्यक्षात त्या साठांपैकी निम्मे सिद्धेश्वराच्या तळ्यात पोहत असायचे आणि उरलेले गड्ड्यावरच्या पाळण्यात बसलेले असायचे. वर्गात एकटे मास्तरच असायचे, तेही बहुधा पगाराच्या तारखेपाशी. शांतता आणि लक्ष या दोन वेगळ्या वस्तू आहेत, याचं पहिलं शिक्षण मला तिथं मिळालं.

दुसरं शिक्षण घरी मिळालं. आमचं घर साखर पेठेच्या अंगाला. ज्यांना सोलापूर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, या भागात माणसं मागांच्या आवाजातच जन्मतात, बोलायला शिकतात आणि भांडतात. म्हणून सोलापूरकराचा आवाज जरा चढा असतो. पुण्याच्या पाहुण्यांना वाटतं, हा आपल्यावर रागावलाय. तो बिचारा फक्त "चहा घेणार का?" विचारत असतो. आमच्या भिंतीला भिंत लावून चादरींचे माग होते. खट-खटाक, खट-खटाक. वर गिरण्यांचे भोंगे. मी 1971 साली मॅट्रिकला होतो, तेव्हाची मॅट्रिक अकरावीची, आणि आमचं सगळं बीजगणित त्या खटखटीच्या तालावर झालं. आठवड्याच्या सुट्टीला माग बंद असायचे. त्या दिवशी मला एक अक्षर सुचायचं नाही. कानांत नुसतं सूं व्हायचं.

तरी मी एकदा तक्रार घेऊन पलीकडे गेलोच. तिथले मागवाले मामा घरात तेलुगू बोलायचे आणि आमच्याशी सोलापुरी. म्हटलं, "मामा, आवाजानं अभ्यास होत नाही." ते म्हणाले, "ये की बे, हितं उभा ऱ्हा जरा." एकाच वेळी दोन मागांवर त्यांचं काम. माझ्याशी ओरडून बोलतायत, तंबाखू मळतायत, आणि बोलता बोलता हात एकदम डावीकडच्या मागावर. माग थांबला. उभा धागा तुटला होता. मला तो तुटलेला दाखवल्यावरसुद्धा पटकन दिसेना. त्यांनी दोन बोटांत टोकं धरली, गाठ मारली, माग पुन्हा सुरू.

"तुम्हांला कळलं कसं?"

"आवाज बदलला की."

"दिवसातनं किती वेळा तुटतो?"

"कोण मोजतंय? तुटला की जोडायचा."

"राग नाही येत?"

मामा हसले. म्हणाले, "रागानं बोटं थरथरली तर गाठ कशी बसंल बे?"

एवढं बोलून त्यांनी मला हाकललं. गणिताच्या पेपरला माझं काही फार भलं झालं असं नाही, पण ती गाठ लक्षात राहिली. पुढं चौतीस वर्षं मी बँकेत होतो. त्यांतली निम्मी कॅश काउंटरवर. नोटा मोजायची यंत्रं आली ती पुष्कळ नंतर. त्याआधी अंगठा, ओला स्पंज आणि परमेश्वर. शंभराचं बंडल मोजताना त्र्याहत्तरपाशी कुणी जाळीतून "काय साहेब, बरं आहे का?" विचारलं की संपलं. पुन्हा एकपासून. आणि पुन्हा एकपासून मोजताना कॅशिअर स्वतःला शिव्या घालत बसत नाही, कारण शिव्या घालता घालता मोजलं तर सत्तावीसपाशी पुन्हा चुकतं आणि संध्याकाळी ती रक्कम स्वतःच्या खिशातून भरावी लागते. आमच्या शाखेतले एक सहकारी निवृत्तीनंतर इगतपुरीला धम्मगिरीवर विपश्यनेच्या शिबिराला जाऊन आले. दहा दिवस मौन. पहाटे चारला घंटा. वही, पेन, पुस्तक, वर्तमानपत्र सगळं बंद. पहिले तीन दिवस नुसता श्वास पाहायचा. आत येतो, बाहेर जातो. मन पळालं की कळलं पाहिजे, आणि कळलं की न रागावता परत आणायचं. मी म्हटलं, "अहो, हे तर आपलं कॅश काउंटर!" ते म्हणाले, "हो, पण तिथं बॅलन्स जुळवायला नको."

(आमच्या घरी या शिबिराची हकीकत सांगितली तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, "दहा दिवस तुम्ही गप्प? जा, फी मी भरते." तिथं फी नसते असं सांगितलं तर म्हणाल्या, "मग दोनदा जा.")

आता हे इगतपुरीचं केंद्र काही आजचं नाही. सत्यनारायण गोएंका ब्रह्मदेशातून भारतात आले 1969 साली, आणि धम्मगिरीवर शिबिरं सुरू झाली 1976 साली. आम्ही तेव्हा पंचविशीच्या आत. ध्यान ही म्हातारपणची सोय आहे अशी आमची समजूत. तिकडे जाणारा माणूस एक तर संसाराला कंटाळलेला किंवा संसार त्याला कंटाळलेला. परीक्षेसाठी ध्यान करायचं, हे तर कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. परीक्षेसाठी ब्राह्मी तेल होतं, शंखपुष्पी होती, आणि फारच झालं तर भिंतीवर काळा ठिपका काढून त्याच्याकडे टक लावून पाहायचं त्राटक होतं. आमच्या एका वर्गमित्रानं ठिपक्याकडे वीस मिनिटं पाहिलं. एकविसाव्या मिनिटाला ठिपका उडून गेला.

आज मात्र ध्यानाला अभ्यासाचं जोडकाम लागलं आहे. महाराष्ट्राच्या शिक्षण खात्यानं 'मित्र उपक्रम' म्हणून शाळांतून दहा मिनिटांचं आनापान, म्हणजे हेच श्वासाचं ध्यान, चालू केलं. परदेशातले विद्वानही मागे नाहीत. हार्वर्डच्या दोघांनी 2010 साली माणसांना दिवसातून केव्हाही फोनवर गाठून विचारलं की आत्ता या क्षणी तुमचं मन हातातल्या कामात आहे का? निम्म्याला थोडंच कमी, सुमारे 47 टक्के वेळा उत्तर आलं, नाही. हे वाचून मला फार बरं वाटलं. आमच्या वर्गातल्या साठांपैकी निम्मे तळ्यात होते, हा माझा हिशेब तंतोतंत जुळला. पुढं 2013 साली कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठात 48 विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एकाला दोन आठवडे श्वासाचं ध्यान शिकवलं, दुसऱ्याला आहारशास्त्र. ध्यानवाल्यांचे उताऱ्यावरील प्रश्नांचे मार्क वाढले, आणि ज्यांचं मन आधी जास्त भटकायचं त्यांचा फायदा जास्त. पण लगेच पेढे वाटू नका. इंग्लंडात मग शाळांतल्या आठ हजारांहून जास्त मुलांवर मोठा प्रयोग झाला. त्याचा निकाल 2022 साली लागला. ध्यान शिकलेली मुलं आणि न शिकलेली मुलं, सरासरीत काही फरक नाही. कारणं शोधताना एक गोष्ट लक्षात आली की घरी करायला सांगितलेलं ध्यान बहुतेक पोरांनी केलंच नव्हतं. हे कळायला इंग्लंडपर्यंत जायची काय गरज होती? घरी करायला दिलेलं पोरं करत नाहीत, हे कुठल्याही मास्तरांनी फुकट सांगितलं असतं.

तर थोडक्यात, जो बसतो त्याला थोडं मिळतं; बसवला जातो त्याला मिळेलच असं नाही. इथवर काही भांडण नाही. माझी खरी अडचण पुढची आहे, आणि ती एका शब्दापाशी आहे. तो शब्द म्हणजे 'अभ्यास'.

गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन तक्रार करतो की मन वाऱ्यासारखं आहे, धरता येत नाही. श्रीकृष्ण त्याच्यावर "लक्ष कुठं असतं तुझं?" म्हणून खेकसत नाही. तो कबूल करतो की बाबा, खरं आहे, कठीण आहे. आणि उपाय दोन सांगतो: अभ्यास आणि वैराग्य. पतंजलीही हीच जोडी सांगतो, आणि त्याच्या लेखी अभ्यास म्हणजे मन स्थिर राहावं म्हणून पुन्हा पुन्हा केलेला प्रयत्न. म्हणजे मामांची गाठ. आम्ही मराठी लोकांनी या जोडीतला पहिला शब्द उचलून शाळेच्या दप्तरात घातला आणि दुसरा ऑप्शनला टाकला. वैराग्यावर प्रश्न येत नाही, वेटेज नाही, गाळा!

पण तो गाळता येतो का? हा खरा प्रश्न आहे. मार्क मिळावेत म्हणून पोरगं डोळे मिटून बसतं. ठीक. पण आजचं पोरगं पुस्तक उघडतं तेव्हा त्याचं मन पळून जातं कुठं? आमचं तळ्यात जायचं, पाळण्यात जायचं. त्याला निदान हवा तरी लागायची. आजच्या पोराचं मन पळून मार्कांतच जातं. डॉक्टरकीच्या नीट परीक्षेत 180 मिनिटांत 180 प्रश्न, 720 मार्क. बरोबरला चार, चुकीला वजा एक. दहावा प्रश्न सोडवताना मन नवव्याच्या वजा एकपाशी आणि एकशेऐंशिनंतरच्या आईच्या चेहऱ्यापाशी. ज्याच्यासाठी ध्यान करायचं तेच ध्यान मोडतंय! मागावरचा धागा तुटतोय म्हणून गाठ मारायची, आणि दुसऱ्या हातात कात्री. वैराग्य म्हणजे भस्म लावून हिमालयात जाणं नव्हे, एवढं मलाही कळतं. तीन तास तरी निकालाला खोलीबाहेर बसवता येणं, एवढं वैराग्य पुरे. पण निकाल नामक गृहस्थ खोलीबाहेर बसत नाहीत. आपणच त्यांना खुर्ची देऊन पोराच्या शेजारी बसवलेलं असतं.

या बाबतीत आमच्या गावाला बोलायचा अधिकार आहे, कारण आमचा ग्रामदेवच मुळी योगी. सिद्धेश्वर, म्हणजे बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धराम. राघवांक नावाच्या कन्नड कवीनं त्यांचं चरित्र लिहिलं आहे. लहानपणी हे पोर फारसं बोलेना, कशात लक्ष घालीना. मंद आहे असं घरच्यांना वाटलं, आणि गुरं राखायला पाठवलं. आज असतं तर क्लासला पाठवलं असतं. रानात एक जंगम आला, त्यानं हुरडा मागितला आणि मग दहीभात. पोर घरी पळालं, दहीभात घेऊन परत आलं, तर जंगम नाही. म्हणून ते त्याला हाका मारत थेट श्रीशैलापर्यंत गेलं. हातात दहीभात! नकाशा काढून बघा किती लांब आहे ते. ज्याचं कशातच लक्ष नाही म्हणत होते त्याचं हे लक्ष. मला नेहमी वाटतं, 'त्याचं लक्ष नाही' असं आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा 'त्याचं लक्ष आपल्याकडे नाही' एवढंच म्हणायचं असतं.

पुढं हेच सिद्धराम सोलापुरात तळं खणायला लागले. माणसं जमवली, माती उपसली. परंपरा अशी सांगते की एके दिवशी अल्लमप्रभू तिथं आले आणि हिणवून म्हणाले, कुठाय तो तुमचा खणणारा वडार? मजूर चिडले, दगड मारायला धावले. नंतर दोघांचा वाद झाला: बाहेर तळं खणून काय उपयोग, आत खणलंय का? सिद्धराम त्यांच्याबरोबर कल्याणला गेले, दीक्षा घेतली आणि परत इथंच येऊन समाधी घेतली. मंदिर तळ्यातच आहे. मला यातली एक गोष्ट फार आवडते. आत खणायला शिकल्यावर त्यांनी तळं बुजवलं नाही. ज्या गावाला आजही नळाच्या पाण्याची वाट बघत बसावं लागतं, त्या गावाला हा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही.

आणि एकाग्रता पाहायची तर जानेवारीत संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत यावं. मानाचे सात नंदीध्वज निघतात. उंचच उंच, जड काठी, कमरेच्या पट्ट्यावर तोललेली. भोवती हलग्या, गर्दी, 'हर्र बोला हर्र'चा गजर. तोलणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघा. त्याला शांत खोली लागत नाही, वातानुकूलित अभ्यासिका लागत नाही. पण त्याच्या वर्षभराच्या मनात ती काठी असते आणि कितीतरी आधीपासून सराव चाललेला असतो. त्याला ती काठी उचलायची असते. हा भाग मी मुद्दाम सांगतोय.

कारण आमचा नातू बारावीला आहे. नीटला बसणार. हुशार आहे, पण त्याच्या आईच्या भाषेत 'फोकस नाही'. सूनबाईंनी कुठंसं वाचलं आणि जाहीर केलं की उद्यापासून रोज सकाळी दहा मिनिटं ध्यान. एकटा बसला तर झोपेल, म्हणून आजोबा सोबतीला. म्हणजे बारावीचं ध्यान आणि घरातलं जुनं ध्यान, दोघं गच्चीवर चटईवर. पहिल्या आठवड्यात आमच्याकडे बघून शेजारच्या गच्चीवरच्या माझ्या बालमित्रानं विचारलं, "काय बे, ध्यान करूलालास का झोपूलालास?" दोन्ही खरं होतं.

दुसऱ्या महिन्यात क्लासच्या चाचणीत नातवाचे मार्क वाढले. घरात आनंदीआनंद. सूनबाई सगळ्या नातेवाइकांना फोनवर ध्यानाचं महत्त्व सांगायला लागल्या. त्याच सुमारास एका सकाळी डोळे उघडून नातू म्हणाला, "आजोबा, मी बसतो ना, तेव्हा बाकीचे विचार येतात आणि जातात. एक मात्र जातच नाही."

"कुठला?"

"मला डॉक्टर व्हायचं नाहीये."

मी विचारलं, मग काय व्हायचंय? तो म्हणाला, "ते माहीत नाही. हे नाही, एवढं दिसतंय." आणि मार्क कसे वाढले, तर म्हणाला, "आता भीती वाटत नाही ना. फिजिक्स बरं वाटतं वाचायला."

मी गप्प बसलो. आम्हीच त्याला आत खणायला लावलं होतं. आता तिथं पाणी लागलं तर ते आमच्या हंड्यात का पडत नाही, अशी तक्रार कुठल्या तोंडानं करायची? त्याच्या आईबापांनी क्लासची फी कशी भरली तेही मला माहीत आहे. मुलानं नवी गाडी घेतली नाही. सूनबाईंनी दोन वर्षं माहेरचा उन्हाळा पाहिला नाही. त्यांचं काही खोटं नाही. आणि पोराचंही काही खोटं नाही. त्र्याहत्तर की चौऱ्याहत्तर, असा प्रश्न असता तर मी पुन्हा एकपासून मोजलं असतं. एवढंच म्हटलं, "सांगायचं तूच. मी नाही सांगणार. पण तू सांगशील तेव्हा मी शेजारी बसेन." तो म्हणाला, "पेपर झाल्यावर सांगतो." मी म्हटलं, "बघ बाबा, तोवर रोज सकाळी त्याच्याबरोबर बसायचंय."

परवा रात्री जेवताना सूनबाई म्हणाल्या, "बाबा, ध्यानाचा इतका फरक पडतोय, तर दहा मिनिटं आणखी वाढवूया का?"

नातू ताटातली कडक भाकरी मोडत होता. तो मोडतच राहिला.

मी म्हटलं, "वाढवायला हरकत नाही. पण वाढलेल्या दहा मिनिटांत तुम्ही दोघंही वर येऊन बसा. चौघं बसू."

"आम्हांला कुठं वेळ आहे बाबा?" मुलगा म्हणाला. "आणि आम्हांला कुठली परीक्षा द्यायचीय?"

नातवाला एकदम ठसका लागला. शेंगाचटणी तिखट होती, असं त्यानं सांगितलं.